देव्हाऱ्यापुढची जागा

नवे घर बांधायला काढले, की आपल्याकडे दोन गोष्टी आधी ठरतात. चूल कुठे मांडायची आणि देव कुठे ठेवायचे. बैठक, झोपायची खोली, सामानाची खोली हे सारे मागाहून. आता चुलीचा ओटा झाला आणि देवघराचा भिंतीवरचा देव्हारा झाला, तरी हा क्रम मोडलेला नाही. नागपुरात नव्या इमारतीतली सदनिका पाहायला गेलेले कुटुंब स्वयंपाकघरात शिरले, की घरातली वडीलधारी बाई हमखास विचारते, "देव कुठे बसवायचे गं?" बहुधा उत्तर मिळते की फ्रीजच्या वरच्या बाजूला भिंतीवर एक लाकडी देव्हारा बसेल.

देवांची सोय होते. पण माणसांची? त्या देव्हाऱ्यापुढे बसता येत नाही. उभ्याउभ्याच दिवा लावायचा, हात जोडायचे, डबा उचलायचा आणि कचेरीची वाट धरायची. म्हणजे देव्हारा घरात राहिला, पण त्याच्यापुढची जागा गेली. आजच्या भाषणात मला बोलायचे आहे ते या जागेविषयी. एक पाट किंवा एक आसन मावेल एवढी ती जागा. ती कशासाठी होती, तिने काय काम केले, तिच्यात काय दोष होते आणि आज ती पुन्हा कशी मिळवता येईल, एवढाच विषय.

आधी जुने घर डोळ्यांपुढे आणू. महालातल्या जुन्या वाड्यांत देवघराला स्वतंत्र खोली असे. ती मधल्या भागात, जाड भिंतींच्या आत, थोडी अंधारी आणि म्हणूनच थंड असे. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी सारवलेल्या जमिनीची ती खोली घरातली सर्वांत सुखाची खोली असायची. ज्याला वाडा नव्हता, कवेलूचे घर आणि पुढे छपरी एवढेच ज्याचे वैभव, त्याच्या घरी मातीच्या भिंतीतला एक कोनाडा असे. त्या कोनाड्यात देव आणि खाली जमिनीवर पाट, की देवघर झाले. मोठ्या घरातल्या आणि लहान घरातल्या देवघरांत फरक होता तो भिंतींचा. पुढे अंथरलेला पाट दोन्हीकडे सारखाच.

त्या देव्हाऱ्यात असे काय? नीट पाहिले तर तो कुटुंबाचा इतिहासच असतो. चांदीच्या किंवा तांब्या-पितळेच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले कुळदैवतांचे टाक असतात. कुणाचा खंडोबा, कुणाची भवानी, कुणाची रेणुका. लग्न होऊन आलेल्या सुनेने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण असतो. नर्मदेतला बाण असतो, गंडकी नदीतला शाळिग्राम असतो. ज्यांच्याकडे पंचायतन आहे त्यांच्याकडे विष्णू, शिव, देवी, सूर्य आणि गणपती असे पाच देव एकत्र बसतात. आपला इष्टदेव मध्ये ठेवायचा आणि उरलेले चार चार कोपऱ्यांना. पुढच्या घरात मधला देव वेगळा असेल, पण पाचांपैकी कुणाला बाहेर काढायचे नाही. शेजाऱ्याच्या श्रद्धेशी कसे वागावे याचा हा चांगला धडा होता, आणि तो पुस्तकाशिवाय मिळत होता.

पण वस्तूंपेक्षा मोठी होती ती वेळ. सकाळची पूजा घरातला एकजण करी, पण संध्याकाळची दिवेलागण सगळ्यांची असे. दिवा लागला की मुले खेळ सोडून घरात येत, हातपाय धूत, देवापुढे बसून शुभंकरोती म्हणत आणि मग परवचा. परवचा म्हणजे पाढे. बेरीज-वजाबाकीच्या अलीकडचे पावकी, निमकी, पाऊणकी सारे. देवापुढे गणित! आज हे ऐकून हसू येईल, पण त्यात एक शहाणपण होते. दिवसभर चौखूर उधळलेले मन एका ठिकाणी आणून बसवायचे, हे त्या अर्ध्या तासाचे काम. एकदा ते बसले, की प्रार्थना आणि पाढा दोन्हींचे फळ त्याला मिळे.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या विदर्भातल्या मुली भुलाबाई मांडत. शंकर-पार्वतीची मातीची जोडी, समोर सतरंजी, गाणी आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. ही मुलींनी स्वतः मांडलेली, महिनाभराची जागा. तिला पुरोहित लागत नसे आणि मुहूर्तही लागत नसे. पवित्र जागा मांडायला आपण मोठे व्हावे लागत नाही, हे त्या मुलींना ठाऊक होते.

आता एक प्रश्न तुम्ही विचाराल. मन सगळीकडे तेच, मग ठरलेली जागाच का हवी? गीतेच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर फार व्यवहारी भाषेत आहे. ध्यानाला बसणाऱ्याने स्वच्छ ठिकाणी आपले आसन स्थिर मांडावे, ते फार उंच नसावे आणि फार खालीही नसावे, अशी तिथे सूचना आहे. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या आधी आसनाच्या उंचीचा विचार! ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा याच ठिकाणी त्यांची वाणी रंगली. ती जागा कशी असावी, जवळ पाणी कसे असावे, वारा कसा मंद असावा, याचे त्यांनी मोठे वर्णन केले. ज्याला तपाशी काही देणेघेणे नाही असा माणूस सहज तिकडून गेला, तरी त्यालाही वाटावे की इथे बसावे, अशी ती जागा. याचा अर्थ असा, की जागा माणसाला बोलावते.

हे कसे घडते ते आपण रोज अनुभवतो. अंथरुणावर पडून अभ्यास करणारा विद्यार्थी पेंगतो, कारण त्या अंथरुणाने त्याला झोपेची सवय लावलेली असते. तोच विद्यार्थी टेबलापाशी बसला की जागा राहतो. शरीर जागेला ओळखते. रोज त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच आसनावर बसले, की काही आठवड्यांनी बसल्याबरोबर श्वास संथ होऊ लागतो. त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. उदबत्तीचा वास, समईचा उजेड, घंटेचा नाद ही या सवयीची खूण. वास तर स्मरणाला फार लवकर जागे करतो. म्हणून परगावी गेलेल्या मुलाला कापराचा वास आला की घर आठवते.

असो. इथवर चांगली बाजू झाली. दुसरी बाजू सांगितली नाही तर भाषण खोटे होईल. हीच जागा सोवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर ठेवण्याचे साधनही झाली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्यांच्या वडिलांचे सोवळे आठवेल. त्या सोवळ्याने सगळ्या घराला कसे वेठीला धरले होते, ते बाईंनी हसत हसत लिहिले आहे, पण वाचणाऱ्याला त्यामागचे दुःखही कळते. ज्या बाईने जन्मभर देवांची भांडी घासली, फुले वेचली, वाती वळल्या, तिला महिन्याचे चार दिवस त्याच खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागे. आणि घराबाहेरची गोष्ट तर त्याहून कठोर. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. देवाच्या एवढ्या जवळच्या भक्ताला दाराच्या आत जागा मिळाली नाही, हे आपण दर वारीला पाहतो.

ज्या समाजाला देवळाचे दार बंद होते, त्यांच्याही घरात देव्हारा होता. या शहराने त्या देव्हाऱ्याचे काय झाले ते पाहिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमीचा दिवस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरचे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून माईसाहेबांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना ती स्वतः दिली. त्या वेळी त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, इथपासून त्यांची सुरुवात होते. त्या प्रतिज्ञा घेऊन लोक घरी परतले. पिढ्यान्‌पिढ्यांचे टाक आणि मूर्ती घरोघरी विसर्जित झाल्या. कोनाडे रिकामे झाले.

श्रोतेहो, या रिकाम्या कोनाड्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. एखाद्या घरातून देव गेले म्हणजे देवघर संपायला हवे होते. तसे झाले नाही. त्याच भिंतीशी भगवान बुद्धांची प्रतिमा आली, शेजारी बाबासाहेबांची आली. मेणबत्ती आणि फुले आली. घरातली माणसे तिथे उभी राहून किंवा बसून त्रिसरण आणि पंचशील म्हणू लागली. आणि या जागेत एक नवी वस्तू आली, ती म्हणजे ग्रंथ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हे बाबासाहेबांचे पुस्तक १९५७ साली, त्यांच्या निर्वाणानंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पुढे ते मराठीत आले. वर्षावासाच्या काळात आजही विहारांतून आणि घरांतून त्याचे वाचन होते. मागणे मागण्याची जागा होती, ती शील आठवण्याची जागा झाली. मी हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, हे रोज स्वतःच्या तोंडाने म्हणायचे आणि दिवसाचा हिशेब स्वतःच पाहायचा. या जागेपुढे सर्वांना सारखेच बसता येत होते, बाईला महिन्याचे तीसही दिवस.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या घराचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात भजन आणि वाचन शिस्तीने चाले आणि मुलांना तिथे बसावेच लागे. त्या बैठकीतून उठलेल्या मुलाने पुढे मुंबईत दादरला हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून. त्यांच्या चिंतनाची जागा ग्रंथांमध्ये होती.

नागपूरच्या आसपास आणखी तीन ठिकाणे या विषयावर काही सांगतात. पहिले सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथल्या बापूकुटीत गेलात तर मातीच्या भिंतीवर मीराबेनने उठावाने काढलेली ताडाची झाडे दिसतात, जमिनीवरची बैठक दिसते. देऊळ मात्र कुठेच दिसत नाही. प्रार्थना होते ती उघड्या आकाशाखाली, मोकळ्या जागेत. त्या प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्र आहे, ईशोपनिषद आहे, गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे आहेत, कुराणातला आणि पारशी धर्मातला भाग आहे. जागा एकच, आणि ती कोणाचीही.

दुसरे पवनार. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्यामंदिर स्थापन केले, ते भगिनींच्या सामूहिक साधनेसाठी. ज्यांना शतकानुशतके उंबऱ्याबाहेर बसवले, त्यांच्याच हाती त्यांनी साधनेची सारी व्यवस्था सोपवली. तिथे शेतात खणताना भरत-रामाच्या भेटीचे जुने शिल्प सापडले आणि ते तिथेच बसवले. पण दिवसाचा बराच भाग जातो तो शेत, स्वयंपाक, सफाई यांत. चिंतनाची जागा आणि कामाची जागा यांत तिथे भिंत नाही.

तिसरे गुरुकुंज मोझरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी अमरावती जिल्ह्यात हा आश्रम १९३५ साली उभा केला. त्यांची सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या खेड्याखेड्यांत पोचली. प्रार्थनेच्या ठिकाणी एक आसन मांडतात, त्याला अधिष्ठान म्हणतात, आणि गावातली सर्व जातींची माणसे त्यापुढे रांगेने एकत्र बसतात. चावडीसमोर सतरंज्या अंथरल्या, की तेवढा वेळ तीच पवित्र जागा. प्रार्थना झाली, सतरंज्या गुंडाळल्या, की पुन्हा चावडी.

इतर घरांतही हेच दिसते. मुसलमान कुटुंबाला नमाजासाठी खोली लागत नाही. जानमाज अंथरली की जागा झाली, उचलली की ओसरी मोकळी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत दिवाणखान्यात लाकडी वेदी असते आणि संध्याकाळी तिच्यापुढे सगळे घर तेर्स म्हणते. कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबांनी शुक्रवारी सांजेला शब्बाथचा दिवा लावण्याची रीत जपली. जपानी घरांत पूर्वजांच्या स्मरणासाठी बुत्सुदान नावाचे कपाट असते. प्राचीन रोममध्ये घराच्या रक्षक देवतांची छोटी देवळी घरातच असे. माणूस कुठलाही असो, घराचा एक हातभर भाग व्यवहारातून काढून बाजूला ठेवावा असे त्याला वाटत आले आहे.

मग तरुण मुले विचारतात, आणि वर्गात मला हा प्रश्न नेहमी येतो: "सर, आम्ही देव मानत नाही. आमच्यासाठी यात काय?" मी त्यांना म्हणतो, देवाचा प्रश्न तुम्ही तुमच्या सवडीने सोडवा. पण दिवसातून एकदा स्वतःपाशी बसण्याची गरज देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखीच आहे. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली लिहिले, की बाईला लिहायचे असेल तर पैसा आणि स्वतःची खोली हवी. आपल्या घरांत बाईला खोली कुठली! पण पूजेचा अर्धा तास हा पुष्कळ बायकांच्या वाट्याला आलेला एकमेव स्वतःचा वेळ होता. "आई पूजेला बसली आहे," म्हटले की तिला कुणी हाक मारीत नसे. तिने त्या वेळात काय मागितले, ते देवालाच माहीत; पण तेवढा वेळ ती कुणाची सून नव्हती आणि कुणाची आई नव्हती. देव्हारा भिंतीवर गेला तेव्हा तिचा हा अर्धा तास गेला, हे आपल्या लक्षातही आले नाही.

म्हणून आता करायचे काय, ते सांगून संपवतो.

जागा लहान असली तरी चालेल, पण ठरलेली हवी. दीड हात रुंद आणि दोन हात लांब आसन मावले की पुरे. खिडकीपाशी, गॅलरीच्या दाराआड, कपाटाच्या कडेला, कुठेही. ईशान्य दिशा साधली तर उत्तम. सकाळचा कोवळा उजेड तिकडून येतो. नाही साधली तर अडून बसू नये. नागपुरात पश्चिमेची भिंत मात्र टाळावी. वैशाखात ती रात्रीपर्यंत तापलेली असते, तिथे चित्त लागणार नाही. देव्हारा भिंतीवर उंच असेल तर तो खाली चौरंगावर आणता येतो का पाहावे. बसल्यावर नजरेच्या पातळीत काय येते, याला महत्त्व आहे.

समोर काय ठेवायचे ते ज्याने त्याने ठरवावे. टाक, बुद्धमूर्ती, कुराण, क्रूस, गेलेल्या आईचा फोटो, एखादे पुस्तक, पाण्याने भरलेला तांब्या. पण वस्तू थोड्या असाव्यात. इतवारीत पितळेचे नवे देव छान मिळतात म्हणून दर दिवाळीला एक आणला, तर देव्हाऱ्याचे दुकान होते. दिवा लावणार असाल तर वर पडदा, कागद, लाकडी फळी नसावी, आणि दिवा तेवत ठेवून घर बंद करून बाहेर जाऊ नये.

वेळ थोडी असावी, पण रोजची. पंधरा मिनिटे चालतील. रविवारी दोन तास आणि सोमवारी काही नाही, याने सवय लागत नाही. उन्हाळ्यात पहाटे, थंडीत दिवेलागणीला, असे ऋतूप्रमाणे बदलले तरी हरकत नाही.

आणि नियम तीन. तिथे मोबाईल न्यायचा नाही. तिथे बसलेल्याला हाक मारायची नाही, मग तो नातू असो की आजी. आणि तिथे कुणालाही मज्जाव करायचा नाही. घरातल्या सुनेला कुठल्याही दिवशी नाही, काम करायला येणाऱ्या बाईला नाही, वेगळ्या धर्मातून लग्न करून आलेल्या जावयाला नाही. पहिले दोन नियम पाळणे सवयीने जमते. तिसऱ्याला मन मोठे करावे लागते, आणि जुन्या देवघरात जी उणीव राहिली ती याच नियमाची.

बसून करायचे काय, असे कुणी विचारील. ज्याला पूजा येते त्याने पूजा करावी, ज्याला वंदना येते त्याने वंदना म्हणावी. ज्याला यातले काही नको, त्याने निदान एवढे आठवावे, की आज आपण कुणाला दुखावले, कुणाचे देणे राहिले, उद्या कुणाला भेटायला हवे. पंधरा मिनिटांत एवढे होते. मुले शेजारी येऊन बसली तर बसू द्यावीत. चुळबुळ करतील, प्रश्न विचारतील, काही दिवसांनी शांत होतील. त्यांना समजावून सांगण्याची घाई करू नये. संध्याकाळी दिवा लागला की घरातले एक माणूस काही वेळ कुठे जात नाही, कुणाशी भांडत नाही आणि काही विकत घेत नाही, एवढे त्यांनी रोज पाहिले तरी पुष्कळ झाले.